ड्रिपिंगचा वाडगा

"मम, ड्रिपिंग संपलं होतं का?" शेजारच्या आजींच्या मुलाने विचारलं, तेव्हा त्याच्या काट्याला मी भाजलेला बटाटा होता, अर्धा खाल्लेला. विचारण्यात तक्रार नव्हती. घरी आल्यावर नेहमीची खुर्ची हलवलेली दिसली की माणूस विचारतो ना, तसंच ते होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला. काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक होतं, पण तोंड उघडेना. आजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ग्रेव्हीचा जग त्याच्या ताटलीकडे सरकवत त्या म्हणाल्या, "हो रे, संपलं होतं." मग हल शहरातल्या पावसाचा, त्याच्या गाडीच्या टायरचा विषय निघाला, ताटल्या रिकाम्या झाल्या, मी भांडी घासली आणि घरी आले.

त्यांच्या फ्रिजमध्ये दुसऱ्या फळीवर, लोण्याच्या डब्यामागे, निळ्या काठाचा एक वाडगा होता. त्यात ड्रिपिंग, म्हणजे भाजताना बीफमधून गळलेली चरबी. वर बशी झाकलेली. निम्म्याहून जास्त भरलेला. सकाळपासून मी तो दोनदा पाहिला होता, आणि मी पाहिला होता हे आजींना माहीत होतं.

गेल्या ऑक्टोबरमधली ही गोष्ट. आजी मागच्या दारच्या पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. वय ब्याऐंशी. इंग्लंडमधल्या लीड्सच्या या गल्लीत आम्ही बारा वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय. माझी मुलगी लहान असताना तापात फणफणली की भिंतीपलीकडून आधी त्यांची टकटक यायची. उभं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेलं, रोज दोनेकशे मुलांचं दुपारचं जेवण. त्यामुळे हात निकामी झाल्याचं दुःख त्यांना दुखण्यापेक्षा जास्त होतं. महिन्यातून एका रविवारी मुलगा येतो आणि त्या दिवशी रोस्ट, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं मांस आणि बरोबर भाज्या, होतोच. नवरा गेला त्या महिन्यातही चुकला नव्हता. शनिवारी कुंपणाशी उभं राहून त्या म्हणाल्या, "बीफचं मी बघते, लव्ह. ओव्हनमध्ये ठेवायला तेवढा हात लाव. बरोबर काय करायचं ते तू ठरव." इकडे बसच्या ड्रायव्हरपासून भाजीवाल्यापर्यंत सगळेच एकमेकांना 'लव्ह' म्हणतात, पण आजी म्हणतात तेव्हा तो शब्द आपल्या 'बाळा'च्या जवळ जातो.

बरोबर काय करायचं, म्हणजे तोंडी लावायला काय. मी रात्री अंथरुणात पडून त्याचाच विचार करत होते. आपल्याकडे हे ठरवणं सोपं नसतं, आणि ज्यांना ते सोपं वाटतं त्यांनी कधी पंगत वाढलेली नसते. साताऱ्याला आमची आजी ताटाच्या डाव्या बाजूवरून सुगरण ओळखायची. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. डावीकडचं सगळं थोडं थोडं, बोटाच्या पेरात मावेल एवढं, पण एकही जागा चुकलेली चालायची नाही. उजवीकडची भाजी-आमटी पुन्हा पुन्हा वाढायची, डावीकडचं विचारून. आणि कशाबरोबर काय, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं तरी पक्कं होतं. पुरणपोळी केली की कटाची आमटी आलीच. थालीपिठावर लोणी, पिठलं-भाकरीला कांदा आणि ठेचा. इंग्रजांकडे असलं काही नसतं अशी माझी समजूत होती, आणि आता मला त्या समजुतीची लाज वाटते. लँब असेल तर पुदिन्याचं सॉस, पोर्क असेल तर सफरचंदाचं, आणि बीफ असेल तर हॉर्सरॅडिशचं झणझणीत मूळ किसून, नाहीतर मोहरी. यात अदलाबदल केलेली मी बारा वर्षांत कुणाच्या घरी पाहिलेली नाही. त्यांचीही डावी बाजू ठरलेलीच आहे, फक्त ती वाटीत किंवा जगमध्ये असते.

मी ठरवलं ते असं: भाजलेले बटाटे, पार्सनिप, गाजरं, बोराएवढे ते ब्रसेल्स स्प्राउट्स, आणि यॉर्कशर पुडिंग तर हवंच; नाव पुडिंग असलं तरी ते गोड नसतं, अंडी, मैदा आणि दुधाचं मिश्रण ओव्हनमध्ये फुलवलेलं असतं. फ्लॉवर-चीजचा मोह मी आवरला. ग्रेव्ही आणि चीज एका ताटलीत आले की दोन्ही जड होतात, असं माझं स्पष्ट मत आहे. आजींचं वेगळं आहे आणि आम्ही त्यावर वाद घातलेला आहे. रोस्टच्या ताटलीत नुसत्या भाज्या मोजून भागत नाही. ग्रेव्ही पिऊन घेणारं काहीतरी लागतं, दाताखाली कुरकुरणारं काहीतरी लागतं. पार्सनिप आणि गाजराचा गोडवा असेल तर त्याला कापणारी स्प्राउट्सची कडवट हिरवाई हवी, आणि या सगळ्यावर नाकात जाणारा एक झटका. हे जमलं की मांसाची चकती पातळ असली तरी चालते. पार्सनिप दिसायला पांढऱ्या गाजरासारखं, पण थंडी पडल्यावर, दोन-चार रात्री जमीन गोठल्यावर त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ते खऱ्या अर्थाने खाण्याजोगं होतं. ऑक्टोबर जरा लवकरच होता. आजींनी एक तुकडा कच्चाच चावून बघितला आणि म्हणाल्या, "मध घाल चमचाभर."

ओव्हन एकच, त्यामुळे बेत ठरवण्याइतकंच महत्त्व घड्याळाला. आधी मी समजत होते की सगळं बीफच्या भोवती शिजतं. खरं उलटंच आहे. बीफ बाहेर येतं, फॉइलखाली अर्धा-पाऊण तास नुसतं बसून राहतं, रस आत मुरू देतं, आणि त्या वेळात ओव्हन २२० अंशांवर नेऊन बटाट्यांचा शेवटचा रंग आणायचा आणि मग पुडिंग फुलवायचं. मांसाच्या विश्रांतीत बाकीचं जेवण होतं. गाजराचं, स्प्राउट्सचं, बटाट्याचं पाणी आजींनी मला ओतू दिलं नाही. "ते ग्रेव्हीला." मी पातेलं हातात धरून उभीच राहिले. पुरणासाठी डाळ शिजवली की वरचं पाणी माझी आई असंच बाजूला काढते, त्याच स्वरात. "टाकू नकोस गं, कट आहे तो."

आजींच्या परसात कुंपणाच्या कोपऱ्यात हॉर्सरॅडिश रान माजल्यासारखं वाढलेलं आहे. नवऱ्याने लावलं होतं. एकदा लावलं की जमिनीतून ते पुरतं निघत नाही. मी फावड्याने एक मूळ काढलं. मातीने माखलेलं, वेडंवाकडं, करंगळीपासून मनगटापर्यंत जाडीचं. धुतलं, साल काढली, वास काहीच नाही. किसणीवर पहिला फटका बसला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कांद्याने येतं तसं नाही. हे नाकाच्या शेंड्यातून कपाळात चढतं आणि डोक्यात एक खिडकी उघडल्यासारखं होतं. ते मोहरीच्याच कुळातलं आहे. पेशी फुटल्याशिवाय त्याचा तिखटपणा तयारच होत नाही, आणि व्हिनेगर पडलं की आहे तिथे थांबतो. म्हणून आजी खिडकी उघडायला लावून सांगत होत्या, "आधी किस पुरता होऊ दे, मग व्हिनेगर. घाई केलीस तर मिळमिळीत होईल."

मला माझ्या आजीची फेसलेली मोहरी आठवली. वाटलेली मोहरी दगडीत घेऊन, पाण्याचा थेंब थेंब टाकत, लाकडी डावाच्या पाठीने ती घोटत राहायची. पांढरट पिवळा फेस यायला लागला की वाडगा माझ्या नाकाखाली धरायची. "आलं का नाकात?" मी शिंकेपर्यंत घोटणं थांबायचं नाही. मग ती काकडीत, थोड्या दह्याबरोबर. उन्हाळ्याच्या दुपारी आमरसाचं ताट असलं तरी मी आधी त्या काकडीकडे हात न्यायची. आजीला जाऊन सतरा वर्षं झाली. लीड्सच्या त्या ओल्या स्वयंपाकघरात, एका हाताला प्लास्टर असलेल्या बाईच्या समोर, माझ्या डोळ्यांतलं पाणी नेमकं कशाचं होतं ते मला सांगता यायचं नाही. आजींनी विचारलंही नाही. टिश्यूचा खोका पुढे केला.

पुडिंगचं मिश्रण करताना त्या बोलत्या झाल्या. एक कप अंडी, एक कप मैदा, एक कप दूध; अंडी मोजायची नाहीत, कपात फोडायची. फेटून झाकून ठेवायचं. मी सहज म्हटलं की कुठेतरी वाचलंय, २००८ साली रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने जाहीर केलं होतं की यॉर्कशर पुडिंग ४ इंचांपेक्षा बुटकं असेल तर ते यॉर्कशर पुडिंग नव्हेच. आजींनी मान हलवली. त्यांच्या लहानपणी त्याची उंची कुणी बघत नव्हतं. एका मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये एकच पुडिंग व्हायचं, आई त्याचे तुकडे करायची, आणि ते पहिलं यायचं. नुसतं, ग्रेव्हीबरोबर. त्यांचा जन्म १९४२चा. मांसाचं रेशनिंग उठलं ४ जुलै १९५४ला, तेव्हा त्या बारा वर्षांच्या. आई सांगायची, जो पुडिंग जास्त खाईल त्याला मांस जास्त मिळेल. "आणि आम्ही खायचो," आजी म्हणाल्या, "पोट भरेस्तोवर. मग मांस येईपर्यंत भूक उरायची नाही. आईला ते माहीत होतं. आम्हाला कळलं ते आमची मुलं झाल्यावर."

त्यांच्या त्या बोलण्यावर मी नंतर बराच विचार केला. पुडिंगचं जुनं नावच ड्रिपिंग पुडिंग. विस्तवापुढे सळईवर मांस फिरायचं, खाली ट्रे, त्यात मैद्याचं मिश्रण, आणि वरून गळणारी चरबी त्यात. १७४७ साली हॅना ग्लासने आपल्या पाकपुस्तकात त्याला 'यॉर्कशर' म्हटलं. म्हणजे मांस ज्यांना चवीपुरतंच मिळायचं त्यांनी त्याचा थेंबही वाया जाऊ दिला नाही. तो पिठात धरला आणि पोट पिठाने भरलं. मला वाटत होतं की रोस्टमध्ये बीफ हे जेवण आणि बाकीचं तोंडी लावणं. आजींच्या आईच्या घरात पुडिंग हे जेवण होतं आणि बीफ तोंडी लावायला. आपल्या कोरभर भाकरीवर चिमूटभर ठेचा, तसंच. ओव्हनसमोर बसून आत फुगत जाणारं ते पिवळं पीठ बघताना मला पहिल्यांदा हे जेवण ओळखीचं वाटलं.

तरीही बटाटे मी सूर्यफुलाच्या तेलातच भाजले.

मी गोमांस खात नाही. मांसच खात नाही. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात शिकले की चिप्सच्या दुकानात आधी विचारायचं, कशात तळता? यॉर्कशरमध्ये बरीच दुकानं बीफ ड्रिपिंगमध्ये तळतात आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. त्या दिवशी दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या जेवणासाठी उभी असताना मला काही खायचं नव्हतं. फक्त एक चमचा वाडग्यात बुडवून ट्रेमध्ये टाकायचा होता. बीफचा ट्रे मी हातमोजे घालून ओव्हनमध्ये ठेवला होता, बाहेर काढला होता. ते जमलं. पण वाडग्यावरची बशी उचलेना. पांढरी, मेणासारखी चरबी आणि तळाशी तपकिरी रसाचा थर, काचेतून दिसावा तसा कडेने दिसत होता. मी फ्रिजचं दार लावलं आणि ओट्यावरची तेलाची बाटली घेतली. स्वतःला सांगितलं, बटाट्याला काय फरक पडणार. मॅरिस पायपर जातीचे बटाटे घेतले होते, मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडले, निथळून झाकण लावून पातेलं गदागदा हलवलं, कडा भुरभुरीत झाल्या, सगळं रीतसर केलं. बटाटे चांगले झालेही होते. पण ज्या माणसाने जन्मभर एक चव खाल्ली त्याला अर्ध्या घासात कळलं. आणि मी आधी बोलायला हवं होतं. "माझा हात त्या वाडग्याला लागत नाही," एवढंच. आजींनी ते सहज समजून घेतलं असतं. मी न सांगता त्यांचं ताट बदललं आणि ते लपवायचं काम त्यांच्यावर टाकलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि ज्या मुलीची आठवण आली तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. पुण्याला हॉस्टेलवर आमच्या खोलीत होती, मराठवाड्यातली. दिवाळीनंतर सगळ्या घरून फराळ घेऊन यायच्या, मांडी घालून डबे उघडायच्या. ती चिवडा आणायचीच, पण पिशवीत खाली एक कापडाची पुरचुंडी असायची. वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, चान्या. एका रात्री तिने शेगडीवर दोन-तीन भाजल्या, नुसतं मीठ लावून, भाकरीबरोबर खायला. खोलीत वास पसरला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तक्रार केली, तिला बोलावणं आलं, आणि त्यानंतर ती पुरचुंडी पुन्हा दिसली नाही. तक्रार मी केली नव्हती. पण ती परत आली तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून बसले होते. मी खात नाही म्हणून नाही. खात नसलेल्या माणसालाही "बस, खा तू" म्हणता येतं. तिच्याही घरी ते तोंडी लावणंच होतं. तेवढं एक तोंडी लावणं आम्ही तिच्या ताटातून काढून घेतलं, आणि तिने शेवटपर्यंत कुणाचं नाव घेतलं नाही.

आठवडाभर मी आजींकडे गेले नाही असं नाही. रोज जात होते, औषधं, दूध, कचऱ्याचे डबे. त्या नेहमीसारख्याच होत्या. मी दोनदा विषय काढायला गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी चहाचं विचारलं. तिसऱ्यांदा मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं, की बटाट्यांचं मी तुम्हाला सांगायला हवं होतं. त्या जराशा थांबल्या. म्हणाल्या, शाळेत एक मुलगा होता, सत्तरच्या दशकात, पंजाबमधून आलेल्या घरातला. बीफ असायचं त्या दिवशी ताटली हातात घेऊन नुसता रांगेत उभा राहायचा. त्याला काय वाढायचं हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. कितीतरी आठवडे तो बटाटे आणि गाजरं घेऊन जात होता, आणि त्या बटाट्यांवर ड्रिपिंग होतं. "त्याला माहीत नव्हतं," आजी म्हणाल्या. "मला होतं." मग उठून किटली लावली.

प्लास्टर नोव्हेंबरअखेर निघालं, पण मनगटात जोर यायला वेळ लागला, त्यामुळे डिसेंबरचा रविवारही माझ्याकडेच आला. पार्सनिपवर आता तीन गोठलेल्या रात्री होऊन गेल्या होत्या, मधाची गरज नव्हती. मी घरून मोहरी फेसून नेली होती, काकडीत, थोडी. हॉर्सरॅडिशच्या वाटीशेजारी ठेवली. बीफ फॉइलखाली बसवलं, ओव्हन वाढवला, आणि फ्रिजमधून निळ्या काठाचा वाडगा काढून ओट्यावर ठेवला. बशी उचलली. थंड असताना त्याला फारसा वास नव्हता. चमचा रुतला, वळला, पांढरा गोळा ट्रेमध्ये पडला आणि ओव्हनमध्ये पाच मिनिटांत त्याचं पाणी होऊन धूर यायला लागला. तेव्हा वास आला, दाट, भाजल्यासारखा. पोटात थोडं ढवळलं. मी उकडलेले बटाटे एकेक करून त्यात सोडले, चर्र आवाज झाला, चिमट्याने सगळ्या बाजूंनी फिरवले आणि दार लावलं. हात मी पुष्कळ वेळ धुतले. अजूनही मला त्यात काही मोठं केलं असं वाटत नाही, आणि आईला फोनवर मी ते सांगितलेलंही नाही.

खालच्या फळीवर छोट्या ट्रेमध्ये सहा बटाटे मी तेलात ठेवले होते, माझ्यासाठी. दोन्ही ट्रे बाहेर आले तेव्हा रंग एकसारखाच, सोनेरी, कडा काळपट. आजी टेबलाशी बसून बघत होत्या. त्यांनी डाव्या हाताने रोझमेरीची एक काडी उचलली आणि माझ्या ट्रेमधल्या एका बटाट्यात उभी खोचली. "हे तुझे," त्या म्हणाल्या. "शाळेत मी नंतर असंच करायचे." बाहेर मुलाची गाडी थांबल्याचा आवाज आला.